शेजारची सीट

ब्रेकवर पाय रोवून आत्मारामने गिअरचा दांडा मागे ओढला. दांडा जागचा हलला नाही. त्याने पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. शेवटी एकाहत्तर वर्षांच्या माणसाला शोभणार नाही अशी शिवी हासडून त्याने डॅशबोर्डवर थाप मारली. तिथलं ‘पी’ अक्षर तसंच पेटलेलं राहिलं.

गेले दोन महिने हा छळवाद चालला होता. गाडी सोळा वर्षांची, जुनी घेतलेली, पण ऑटोमॅटिक. आत्मारामच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून क्लच दाबणं त्याला जमत नव्हतं, म्हणून मुद्दाम शोधून आणलेली. ब्रेक दाबायचा, दांडा पार्किंगच्या ‘पी’वरून ‘डी’वर आणायचा आणि निघायचं. एवढंच तिच्याकडून मागणं होतं, आणि नेमकं तेवढंच ती करत नव्हती.

पहिल्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. दुसऱ्याने ब्रेकच्या पायाखालचं बटण बदललं. तिसऱ्याने लॅपटॉप जोडून अर्धा तास गंभीर चेहरा केला आणि अख्खा गिअरबॉक्सच उतरवायला सांगितला. दर वेळी गाडी चार दिवस गुण्यागोविंदाने चालायची आणि हवेत जरा ओल आली की पुन्हा अडून बसायची. एकदा तर ती जयगडच्या फेरीबोटीवर अडकली. ढकलावी तर ‘पी’मुळे चाकंही जाम. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून वाजवून आत्मारामचं डोकं उठवलं होतं.

त्यात तो एकतीस वर्षं जहाजावर इलेक्ट्रिशियन. भर समुद्रात अंधारात बुडालेलं जहाज त्याने उजेडात आणलेलं. त्याला स्वतःच्या अंगणातल्या गाडीचा फॉल्ट सापडू नये याची त्याला मनापासून लाज वाटत होती. मल्टिमीटर घेऊन त्याने सगळे फ्यूज दोनदा तपासले होते. सगळे शाबूत.

आणि उद्या दापोलीला जायचं होतं. नात सानवीला शेतकीची पदवी मिळणार होती. तिचा बाप, म्हणजे आत्मारामचा मुलगा गौरव, मुंबईहून परस्पर तिथे येणार होता. काल त्याने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं.

“बाबा, परवा गाडी दापोलीला पोचली नाही, तर मी ती विकणार. आता बास झालं.”

गाडी गेली की मालगुंडातून बाहेर पडायला कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. आत्मारामच्या घशाखाली ते उतरत नव्हतं. नेहमीप्रमाणे कमळाने फोन हातात घेतला होता आणि नवऱ्याची बाजू सावरली होती.

“चालवू दे रे त्यांना. मी असतंय ना शेजारी.”

शेजारी! आत्मारामला हसूच आलं होतं. गाडी फाटकाबाहेर पडली रे पडली की कमळाचे डोळे मिटायचे ते मुक्कामाला पोचल्यावरच उघडायचे. झोपेतसुद्धा तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. चाळीस रुपयांचं तिकीट काढून एसटीत झोपली असतीस, म्हणून तो तिला चिडवायचा.

साडेदहाच्या सुमाराला बाबल्या स्कूटरवरून आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, गॅरेज नसलेला मेकॅनिक. त्याने लॅपटॉप आणला नव्हता. त्याने नुसता दांड्याशेजारी कान लावला.

“काका, ब्रेक दाबा. सोडा. परत दाबा.”

“दाबतोय. दोन महिने दुसरं काय करतोय मी?”

“टक् येत नाय.”

“कसलं टक्?”

“ब्रेक दाबलात की आत एक खिटी सरकते, टक् करून. तिनं वाट सोडलीन की मग दांडा हलतो. मागचे दिवे लागतायत, म्हंजे ब्रेकचं बटण बरं हाय. खिटीच अडकलीय कशात तरी.”

इतकं साधं आपल्याला सुचू नये याचा राग कुणावर काढावा ते आत्मारामला कळेना. बाबल्या पेचकस घ्यायला खाली उतरला आणि जाता जाता पुढच्या बंपरवर हात फिरवत थांबला.

“हा पोचा कसला?”

“रेडा आडवा आला होता,” आत्माराम म्हणाला. उत्तर जरा जास्तच पटकन आलं.

रेडा नव्हता. गेल्या वर्षी सव्वीस एप्रिलला, लग्नाच्या वाढदिवशी, दोघं रत्नागिरीला जेवून परत येत होती. आरे-वारेच्या चढावर आत्मारामचा डोळा लागला. खडखडाटाने जाग आली तेव्हा डावी चाकं खडीत होती, बंपर कठड्याच्या दगडाला घासत होता आणि पलीकडे खाली समुद्र होता. त्याने गाडी रस्त्यावर घेतली. शेजारी कमळा डोळे मिटून होती. बरं झालं, झोपलीय, असं त्याला वाटलं होतं. घरी आल्यावर त्याने रेड्याची गोष्ट सांगितली आणि तिने ती ऐकून घेतली. त्यानंतर ती दोघं कितीदा तरी गाडीने फिरली. त्या दिवसाबद्दल तो कधी कुणाशी बोलला नाही.

बाबल्याने चार स्क्रू काढले, दांड्याभोवतीचं प्लॅस्टिकचं झाकण उचललं आणि आत बघतच राहिला.

“काका, हितं अंगारा हाय.”

“काय आहे?”

“अंगारा. देवळातला. ह्या फटीतनं कोणीतरी टाकलान. ओल धरून त्याचा लगदा झालाय, खिटी त्यातच रुतलीय. आणि पुड्या पण हायत.”

आत्माराम वाकला. राखाडी चिखल. त्यात तांदळाचे दाणे आणि कागदाच्या बोटभर पुड्या, एकीवर एक दाबून बसलेल्या. त्याच्या मस्तकात तिडीक गेली. गाडी घरात आली त्या दिवशीच त्याने बजावलं होतं की लिंबू-मिरची, नारळाचं पाणी, हळद-कुंकू यातलं काही गाडीच्या आत येता कामा नये. विजेच्या वस्तूत पाणी आणि राख जात नाही, हे एकतीस वर्षं खलाशांना सांगत आलेला माणूस तो. बॅटरीचा खर्च झाला, बटणाचा झाला, फेरीबोटीवर चारचौघांत शोभा झाली, आणि मुळात हे!

“कमळा!” तो घराकडे तोंड करून ओरडला. “अगो, बाहेर ये जरा!”

“चाय ओततंय, आले!” आतून आवाज आला.

बाबल्या चिमट्याने एकेक पुडी काढून फडक्यावर ठेवत होता. नऊ होत्या. आत्मारामने पहिली निघालेली उलगडली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान. रोज सकाळी आदल्या दिवसाचं पान फाडायचं, हा कमळाचा नेम होता. त्याने तारीख वाचली. दोघं चिपळूणला डोळे दाखवायला गेली, त्याच्या आदल्या दिवसाची. दुसरी उलगडली. गणपतीच्या बाजाराच्या आदल्या दिवसाची. पुढचीही तशीच.

शेवटी निघालेली तळाची पुडी सगळ्यांत जुनी. कागद पिवळा पडलेला, राख घट्ट चिकटलेली. ती त्याने अंगठ्याने पुसली.

सव्वीस एप्रिल.

म्हणजे सत्तावीसच्या सकाळी पान फाडून ती देवळात गेली होती. आत्माराम सीटवर टेकला. डोक्यातला राग कुठे गेला ते त्याला कळलंच नाही. तो शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिला. मिटलेले डोळे आणि जप मोजत पेरांवरून फिरणारा अंगठा. त्या दिवसानंतर नऊ वेळा ती इथे येऊन बसली होती. गौरवला एका शब्दाने बोलली नव्हती. त्याला वाईट वाटलं आणि लाजही वाटली, फॉल्ट न सापडल्याची वाटली त्याहून कितीतरी जास्त.

बाबल्याने राख पुसली, फवारा मारला, बोटाने खिटी दोनदा पुढेमागे केली.

“दाबा ब्रेक.”

टक्. दांडा लोण्यातून सरकावा तसा खाली आला. डॅशबोर्डवर ‘डी’ उमटलं.

“झालं. आता दापोलीलाच काय, दिल्लीला जावा.”

आत्मारामने दांडा परत ‘पी’वर नेला. किल्ली फिरवून काढली आणि मुठीत धरली.

“बाबल्या, उद्या मोकळा आहेस?”

“हाय की. का?”

“तू चालव. माझा डावा गुडघा दुखतोय.”

बाबल्याने त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. या गाडीत त्या पायाला काही काम नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पण तो एवढंच म्हणाला, “किती वाजता येऊ?”

“सहाला.”

कमळा चहाचे कप घेऊन पायरीवर उभी होती. तिची नजर फडक्यावरच्या पुड्यांवर गेली, तिथून नवऱ्याच्या हातातल्या पिवळ्या कागदावर. आता बोलणी बसणार म्हणून तिने मान खाली घातली. आत्मारामने कागद होता तसा दुमडला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

“फॉल्ट सापडला,” तो म्हणाला. “उद्या बाबल्या चालवील. आपण दोघं मागे बसू.”

कमळाने कप बॉनेटवर ठेवले. एक बाबल्याकडे सरकवला, एक नवऱ्याकडे. पदराने हात पुसले, मग पुन्हा एकदा पुसले.

“बरं होईल,” ती म्हणाली. “वाटेत मला जरा झोप मिळेल.”