बाळराजे उठेपर्यंत

त्या गावात सूर्य पूर्वेला उगवायचा, पण दिवस उजाडायचा तो सरकारांच्या बंगल्यावर. सरकार म्हणजे कृष्णराज. शाळा त्यांची, पतसंस्था त्यांची, सरपंचही त्यांच्याच ताटाखालचं मांजर. सरकारांच्या आईसाहेबांना पिस्ता रंग आवडतो म्हणून शाळाच काय, स्मशानाचं फाटकसुद्धा पिस्ता रंगाचं. थोरल्या चिरंजीवांचा घोडा मेला तेव्हा शाळेनं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं होतं. गाव हसायचं, पण दार लावून.

शिवगंगाबाई या शाळेत खेळ शिकवायच्या. नऊ वर्षं तात्पुरत्या. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं, आणि त्यांना कायम करण्याचा कागद सरकारांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. सतरा सप्टेंबर होऊ द्या, मग बघू, असा निरोप आला होता.

आणि सतरा सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं, नवंच फर्मान निघालं. त्याच दिवशी सरकारांच्या नातवाला, योगीराजला, चार वर्षं पुरी होत होती. तेव्हा झेंडा बाळराजेच फडकवणार. निजामाचं राज्य जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण जाताना तो दरबार इथंच विसरून गेला, असं बाईंना वाटलं.

झेंड्याची वेळ नऊची. पोरं साडेसातपासून रांगेत उभी. साडेनऊला मुख्याध्यापक वीरप्पा सरांनी बंगल्यावर फोन लावला. बाळराजे निजलेत, उठवलं की रडतात, ते रडले की आईसाहेबांचा बीपी वाढतो, सबब थांबावं, असं उत्तर मिळालं. सरांनी ते उत्तर देवाचा अंगारा कपाळी लावावा तसं मुकाट घेतलं.

दहा वाजून गेले. ऊन चटके द्यायला लागलं आणि सहावीतली सृष्टी धाडकन कोसळली. बाईंनी तिला उचलून सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. पोरीनं डोळे उघडले.

"बाई, बाळराजे उठले का?"

पाणी नाही मागितलं, आई नाही आठवली. अकरा वर्षांच्या लेकरानं शुद्धीवर येऊन आधी हे विचारावं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तडक खांबाकडे निघाल्या. वीरप्पा सर हात जोडत आडवे आले, सहीच्या कागदाची आठवण करून देऊ लागले.

"कागद माझ्या एकटीचा हाय, सर," बाई म्हणाल्या. "झेंडा समद्यांचा हाय."

त्यांनी दोरी ओढली. फुलं खाली पडली, झेंडा फडकला. नेमकी तेवढ्यात सरकारांची गाडी फाटकातून आत आली. सरकार उतरले, खांद्यावर झोपलेले बाळराजे. वर बघताच त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"उतरवा त्यो," म्हणत ते खांबाकडे चालू लागले. "बाळराजे परत फडकवतील."

बाईंनी पोरांकडे वळून खणखणीत आवाजात हुकूम दिला, "राष्ट्रगीत, सुरू कर!"

दोनशे गळे एकदम उठले. सरकार जागच्या जागी थांबले. कुंपणापाशी उभे गावकरी मोबाईलवर सगळं टिपत होते, सरकारांना हलायची सोय नव्हती. बाळराजे जागे होऊन भोकाड पसरून रडू लागले, तरी कुणी हललं नाही. जन्मात कुणासाठी उभा न राहिलेला माणूस त्या दिवशी पोरांसोबत ताठ उभा राहिला.

गीत संपलं. सरकारांनी वीरप्पा सरांना झेंडा उतरवायला फर्मावलं. सर मान खाली घालून उभे राहिले. पुढं मात्र गेले नाहीत.

"बाई, उद्यापासून तुमी शाळेत यायचं न्हाय," सरकार म्हणाले.

नऊ वर्षं एका वाक्यात गेली. बाईंनी दोरीची गाठ घट्ट केली.

"न्हाय येणार, सरकार. पण आज सूर्य मावळेस्तवर मी हितून हालणार न्हाय. झेंडा उतरवूनच जाणार. तवर दोरीला कुणी हात लावायचा न्हाय."

आणि खांबाला पाठ लावून त्या तिथंच उन्हात बसल्या. थोड्या वेळानं वीरप्पा सरांनी, सरकारांच्या देखत, त्यांना पाण्याचा तांब्या आणून दिला.