काकिनाड्याचं ऊन आन् आपली हळद

मित्रांनो, मी आखाडा बाळापूरच्या भिवाजीच्या ट्रकवरची जुनी ताडपत्री हाय. ठिगळं इतकी, की माझा मूळ रंग मलाबी आठवत न्हाई. नवी होते तवा भिवाजी माझ्यावर कुणाला पाय ठेवू देत नव्हता. आता सोताच माझ्यावर बसून जेवतो.

औंदा मी डोंगरकड्याच्या सत्यभामाबाईची हळद झाकून काकिनाड्याला गेले. बाई ट्रकातच बसून आली. आपली हळद जहाजाकडं जाताना तिला बघायची होती.

काकिनाडा म्हंजे समुद्राकाठचं शहर, पण आधी दिसतं ते भाताचं शेत. मग नारळ, मग पुन्हा भात. बंदरातबी तांदळाचीच पोती. मोठी जहाजं लांब पाण्यात उभी आन् होड्या पोती वाहून राहिल्या. बाई म्हणाली, हे तर आपल्या धान्याच्या मोंढ्यावानीच हाय, नुसतं पाणी जास्त.

गोदामापुढं ट्रकांची लाईन होती. ऊन कडक, तरी समदे ट्रक झाकलेले. बाईला हसू आलं. एवढ्या उन्हात येडे पांघरून बसले म्हणे. आपल्याकडं ऊन दिसलं की हळद उघडी करतेत. तिनं मला काढायला लावलं, पोत्यांची तोंडं सोडली. नंबर येईना, आन् रोज हेच. खारी, चिकट हवा मला कळत होती, पण बोलणार कशी?

मग बाईनं एक हळकुंड मोडून बघितलं. कट् वाजायला पायजे. ते नुसतं वाकलं.

बाईचं तोंड उतरलं. सादळलेली हळद गोदामवाले घेत न्हाईत. समदा माल माघारी न्यावा लागला असता. वरून भिवाजीवरच भडकली.

"तू काहून उघडू दिली मला हळद?"

"मामी, तुमाला आडवणारा अजून जल्माला यायचाय."

मागच्या ट्रकातली तांदळाची मालकीण हे बघत होती. एकीची भाषा दुसरीला कळंना. तिनं हवेत हात फिरवला, बोटं चिकटल्यावानी करून दाखवली आन् आपल्या गावाकडं बोट केलं. समुद्रापासून बरंच आत तिचं खळं होतं. भिवाजीनं ट्रक तिथं नेला, मला अंथरलं, वर हळद पसरली. पाठ भाजली माझी. ऊन उतरायच्या आत हळद भरली आन् मला वरून घट्ट आवळलं.

दुसऱ्या दिवशी नंबर लागला आन् गोदामात हळकुंड कट् वाजलं. बाईनं त्या मालकिणीला ओंजळभर हळद दिली, तिनं नारळ दिला.

आपल्या हळदीची होडी निघाली, तेवढ्यात आपल्याच भागातल्या हट्टा गावचा एक हळदीचा ट्रक आला. ड्रायव्हर उतरून दोऱ्या सोडाया लागला. बाई होडी बघायचं सोडून तिकडं पळाली.

"झाक रे बाबा. हितलं ऊन आपलं न्हाई."

मित्रांनो, ताडपत्री फाटली तर ठिगळ लावा, फेकू नका. आन् परक्या गावाला गेलात, तर तिथले लोक काय झाकून ठेवतेत ते बघा. हसायचं मागून.