विजया घेते

सिद्धम्मा ऑपरेशनमधून शुद्धीवर आलीच नाही. हे वाक्य रद्द समजावे. सिद्धम्मा लातूरच्या दवाखान्यात खाटेवर मांडी घालून बसली आहे, पित्ताचे खडे काढायचे आहेत आणि ती नवऱ्याला झापते आहे.

"तुमी गप बसा वो. मॅडम आल्या की मी सांगती सगळं."

शिवमूर्ती शिरूर अनंतपाळच्या तहसिलीसमोर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस. लोकांचं रडणं 'सदर' आणि 'उपरोक्त'मध्ये बसवण्यात त्याचा जन्म गेला. हरवलेल्या म्हशीलाही तो 'सदरहू म्हैस' म्हणून मान द्यायचा. म्हैस सापडायची नाही, पण मालक समाधानानं घरी जायचा.

सिद्धम्माच्या गुडघ्यांसाठी लेकीनं, सुकन्यानं, वैद्याच्या चिठ्ठीवर तेल पाठवलं होतं. जिभेखाली थेंब टाकायचे. "भांगेच्या पानांचं आहे, बाबा. नशा येत नाही. पण भूल द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगाच," तिनं फोनवर बजावलं होतं. आता शेजारच्या खाटेवर कपाळभर भस्म लावलेले उदगीरचे गुरुबसप्पा होते. समाजातले, लांबचे सोयरे, आणि कानानं तिखट; 'भांग' ऐकली की समाजभर करणारे.

भूल देणाऱ्या डॉक्टर ऋतुजा आल्या. "आजी, औषधं चालू आहेत काही? नशापाणी?"

"तेल हाय की, त्या..."

"विजया घेते," शिवमूर्ती मध्येच म्हणाला.

शब्द खरा होता. भांगेचं पोथीतलं नाव, बाटलीवरही तेच छापलेलं. खोटं बोलायचं नाही आणि कळूही द्यायचं नाही, हे कसब टेबलावरचंच.

"विजया घेते? काय, काळजी?"

"हाव, लेक असंल," गुरुबसप्पा कौतुकानं म्हणाले. "लेकीबिगर कोन घेतंय आजकाल?"

"छान. विजयाताईंना बाहेर थांबायला सांगा," म्हणून डॉक्टर गेल्या.

सिद्धम्मा नवऱ्याकडं बघतच राहिली. "ही इजया कोन वो? इतकी वर्सं कुटं लपवली हुती?"

"हळू बोल. तेलाचं सरकारी नाव हाय ते."

"मंग जावा, त्यास्नी नीट सांगून या."

गुरुबसप्पा बघत होते. शिवमूर्ती उठला, बाहेर गेला, नळावर पाण्याची बाटली भरली आणि परत आला.

"सांगितलं?"

"सांगितलं."

ती निवांत झाली. स्ट्रेचरवर आपणहून चढली.

डॉक्टर ऋतुजा बाहेर आल्या तेव्हा त्यांनी टोपीसुद्धा काढली नव्हती. "नेहमीच्या मात्रेत झोपच लागेना. वाढवावी लागली. मग रक्तदाब पडला, तो वर आलाच नाही. आजोबा, काही घेत होत्या का त्या?"

"भांगेचं तेल."

त्या बाकावर बसल्या. "त्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. वयही होतं. पण माहीत असतं तर तयारी वेगळी ठेवली असती. मी विचारलं होतं ना?"

"विचारलं हुतं."

शिवमूर्ती उठून त्यांच्यासमोर उभा राहिला, लोक त्याच्या टेबलासमोर उभे राहायचे तसा, हात जोडून. आवाज मात्र अर्ज वाचून दाखवतानाचा होता.

"विनंती अशी की, सदर प्रश्न अर्जदारास पुन्हा एकवार, गुरुबसप्पांच्या समक्ष, मोठ्या आवाजात विचारण्यात यावा."