अर्धा क्लच

"समोरचा ब्रेक गच्च धरा बाबा, चौथा गेअर टाका आन् क्लच सोडा!" हर्षा ओरडली.

खुशालनं सोडला. मोटारसायकलनं गचका खाऊन बंद पडायला हवं होतं. पण ती जागच्या जागी घुर्र करत राहिली, जशी काही हर्षाला वेडावून दाखवत होती.

"पाह्यलं? क्लचच्या प्लेटा घसरून राह्यल्या. संपल्या त्या."

"केबल ताणून देतो."

"आठवडाभर ताणूनच राह्यले ना तुमी!"

खुशाल झाडीपट्टीतल्या नाटकांचा मेकअपवाला. दिवाळीनंतर हंगाम लागला की रोज नवं गाव. रात्रभर राजाला मिशा लावायच्या, खलनायकाला व्रण काढून द्यायचा आणि पहाटे जंगलातून एकट्यानं घरी यायचं. काल मात्र गाडी चढावर अडली, तो उशिरा पोचला आणि नायिकेनं स्वतःच तोंड रंगवून घेतलं. कंपनीचे गुणवंतराव सकाळी फोनवर बोलले होते, "आज अंधार पडाच्या आत नाई आलास, तं वडश्याचा माणूस ठेवतो. कायमचा."

आणि गॅरेजवाला डोमा नेमका शंकरपटात बैलांच्या शर्यती पाहायला गेलेला!

हर्षाची आई अंजनाबाई काळीपिवळी जीपमध्ये बसून चिमूरहून नव्या प्लेटा घेऊन आली, तोवर बापलेकीनं जळका वास मारणारं ऑइल घमेल्यात काढलं होतं. किक निघाली, फुटरेस्ट निघाला, पण कव्हरचा एक स्क्रू काही केल्या हलेना. खुशालनं त्याला शिव्या दिल्या, हर्षानं हातोडी दिली. स्क्रूचं डोकंच झिजून गेलं.

"जाऊ दे! नशीबच गंजलं माह्यं," म्हणत खुशालनं पाना अंगणात भिरकावला.

हर्षानं तो मुकाट्यानं उचलून आणला. छिन्नी आडवी लावून ठोकत ठोकत दोघांनी स्क्रू फिरवला. नव्या प्लेटा ऑइलमध्ये भिजत ठेवायला तिनं परात घेतली, तर अंजनाबाई कडाडली, "माह्या परातीत? भाकर काय आता टाकीवर थापू?"

जुन्या प्लेटा बाहेर आल्या आणि हर्षानं त्या उजेडात धरल्या. त्यांच्यावरचा थर पार उडाला होता. मधल्या लोखंडी चकत्या तापून निळ्या पडल्या होत्या.

"बाबा, तुमी अर्धा क्लच धरून चालवता काय?"

खुशाल चिंधीला हात पुसत राहिला.

"जंगलात धरतो," तो शेवटी म्हणाला. "लिव्हर अर्धा धराचा आन् रेस वाढवाची. गाडी हळू, आवाज मोठा. अस्वल म्हन, वाघ म्हन, बाजूले होते."

'वाघ मले पाहून रस्ता सोडते,' असं हाच माणूस चौकात छाती फुगवून सांगायचा. हर्षानं शाळेत ते तिखटमीठ लावून सांगितलं होतं. आता तिला हसूही येईना.

"मले काऊन नाई सांगतलं?" अंजनाबाईनं विचारलं.

"सांगून काय? नाटकं दुपारी ठेवतीन ते?"

नव्या प्लेटा बसल्या, स्प्रिंगा आवळल्या, कव्हर लागलं, ऑइल भरलं आणि खालून टपटप गळायला लागलं! कव्हरखालचं गॅस्केट दुमडलं होतं. खुशाल डोकं धरून ओट्यावर बसला. हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात थांबले नाहीत. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा लावलं.

ब्रेक. चौथा गेअर. क्लच सोडला.

गाडी गचका खाऊन बंद पडली. हर्षा अंगणभर नाचली.

खुशालनं रंगाची पेटी मागं बांधली. "आता अर्धा क्लच धरू नका," तिनं बजावलं, "नाईतं याबी जळतीन."

"मंग वाघाले कसं समजंन, मी येऊन राह्यलो म्हनून?"

हर्षानं पेटीची दोरी एकदा ओढून पाहिली.

"हॉर्न वाजवा."

तो मान हलवून निघाला. कौलांवर अजून ऊन होतं. गाडी वळणाआड गेली आणि जंगल लागायच्या कितीतरी आधीच हॉर्न वाजला. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मायलेकी दारात उभ्या राहिल्या. आवाज बारीक होत होत धानाच्या बांध्यांपलीकडे गेला, पण वाजायचा थांबला नाही.