विसाव्या मिनिटाची रेघ

मी नमुना नंबर तीन बोलतोय. बोटभर नळीतलं अर्धा मिली सीरम. शपथेवर सांगतो, पुढचा शब्द न् शब्द खरा आहे, त्यात थेंबाचीही भेसळ नाही. आता मी स्वतःच भेसळीचा आहे, ही गोष्ट वेगळी. माझ्यात एक थेंब एचआयव्ही असलेल्या माणसाचा आणि बाकी सगळे थेंब निरोगी माणसांचे. मुद्दाम केलंय तसं.

उल्हासनगरला, कॅम्प नंबर तीनच्या मागे एका मोठ्या लॅबमध्ये माझा जन्म झाला. मी पेशंट नाही, परीक्षा आहे. छोट्या लॅब तपासणी नीट करतात की नाही हे बघायला आमच्यासारख्या चार नळ्या पाठवतात. उत्तरं बरोबर आली आणि पाहणीला येणाऱ्या साहेबांचं समाधान झालं, की त्या लॅबला मान्यतेचं सर्टिफिकेट. माझं खरं उत्तर पॉझिटिव्ह. पण मला इतकं पातळ केलेलं, की तपासणीच्या पट्टीवर माझी रेघ उमटायची ती पंधरा-अठरा मिनिटांनी, तीही लाजत. असलं गुपित पोटात घेऊन जगायचं म्हटलं, की माणसावरचा विश्वास उडतोच.

मी बदलापूरला विमानानं आलो असं इथल्या दुसऱ्या नळ्यांना सांगत असतो. आलो शेअर रिक्षानं. बर्फाचा डबा शिपायाच्या मांडीवर, डब्यावर शेजारच्याचं जीन्सचं गाठोडं. गाठोडेवाला सिंधी, माशांचा शौकीन, सारखा डब्याकडं बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साईं, पल्ला मच्छी है क्या?"

"सरकारी माल है," शिपाई म्हणाला. मग तर तो आणखीच बघायला लागला.

बदलापूरच्या लॅबमध्ये दोघं टेक्निशियन. नितीन सीनियर, केस पिकायला लागलेला. भारती वयानं लहान, नुकतीच पाच दिवसांचं ट्रेनिंग करून आलेली. फ्रिजमध्ये मला ठेवलं ते किटच्या शेजारी आणि कुणाच्या तरी दह्याच्या डब्याला टेकून. तपासणीच्या फ्रिजमध्ये दही. पहिल्या दिवशीच मला नितीनचा संशय आला.

"पाहुणे आलेत," तो म्हणाला. "गुरुवारी निवांत करू. नवे ग्लोव्हज, पंखा बंद, घड्याळ लावून. मग अंबरनाथला कल्पेशला फोन मारू. त्याच्याकडंपण हेच चार गेलेत, उत्तरं जुळवून टाकू."

भारती म्हणाली, "सर, ट्रेनिंगमध्ये सांगितलंय, यांना पेशंटच्या रांगेतच लावायचं. वेगळे लाड नाही करायचे."

"लाड कसले गं? नवरदेवाला कुणी गर्दीत उभं करतं का?" नितीन हसला. "ट्रेनिंगवरून आलं की आठवडाभर असंच होतं माणसाला. उतरतो ताप."

मी दोघांवरही नजर ठेवली. गोड बोलणाऱ्यावर जास्त.

बुधवार म्हणजे गरोदर बायकांचा दिवस. बारवी धरणाकडच्या वाड्यांवरून जीप भरून बायका यायच्या. जीप परत निघायची बाराला, आणि त्यानंतरची थेट चारला. पोटातल्या बाळाला घेऊन चारपर्यंत ओट्यावर कोण बसणार? म्हणून या लॅबमध्ये एक रीत पडली होती. किटच्या कागदावर वीस मिनिटं थांबा असं छापलेलं, इथं पट्टी आठव्या मिनिटाला वाचायचे. दयेपोटी चाललेलं सगळं. वाईट हेतूच्या माणसाला पकडता येतं, दयाळू माणसाला कसं पकडणार?

त्या बुधवारी भारतीनं गुपचूप आम्हा चौघांना साध्या नळ्यांत ओतलं आणि बायकांच्या रांगेत लावलं. मला नंबर मिळाला बारा. माझ्या शेजारी अकरा, म्हणजे जिजा. नाव खरं नाही, खरं मी सांगणार नाही. वाडीवरची, पहिलटकरीण, सहावा महिना. खिडकीतून तिनं दोनदा विचारलं होतं, "झाला का गो बाय? जीप जायाची."

आठवं मिनिट झालं. नितीननं ट्रेवरून नजर फिरवली. "अकरा निगेटिव्ह, बारा निगेटिव्ह. द्या कागद, अनंताचा हॉर्न वाजायला लागला."

अनंता म्हणजे जीपवाला. बायका कागद घेऊन गेल्या. नितीन ट्रे उचलायला आला, तर भारतीनं त्यावर हात ठेवला. "राहू द्या थोडं, सर."

ती घड्याळ घेऊन बसली. सोळाव्या मिनिटाला माझी रेघ आली, पेन्सिलनं हलकेच ओढल्यासारखी. मी खूश. पण भारती माझ्याकडं बघतच नव्हती. ती अकराकडं बघत होती. विसाव्या मिनिटाला तिथंही तशीच रेघ होती.

"सर, बाराला रेघ आली. बारा म्हणजे पाहुणा. तीन नंबर."

नितीन थबकला. मग म्हणाला, "बरं झालं की. लिही पॉझिटिव्ह, पास झालो."

"आणि अकरा?"

नितीनचा हात पट्टीकडं गेला. मला वाटलं, आता ही पट्टी कचऱ्याच्या लाल पिशवीत जाणार आणि जिजा निगेटिव्हचा कागद कनवटीला लावून बाळंत होणार. औषध वेळेवर सुरू झालं तर आजार बाळापर्यंत जाणं बहुतेक वेळा टळतं. न कळलेल्या आईला औषध कोण देणार?

भारती धावली. जीप गच्च भरलेली, जिजा मागच्या बाकावर. भारती हळूच म्हणाली, "जरा खाली या. रक्त परत घ्यायचंय."

"आताच कागद दिला ना? मग परत रगत कनाला?"

"आमची चूक झाली. तुमची नाही."

"चूक तुमची न सुई मना?"

जीप हसली. अनंता म्हणाला, "जा ना गो वैनी, थांबतो मी." जिजा पुटपुटत उतरली.

खात्रीसाठी वेगवेगळ्या तीन किटांवर तपासतात; तीनहींवर उत्तर पॉझिटिव्ह आलं, या वेळी पूर्ण वेळ थांबून. समुपदेशनाच्या खोलीचं दार बराच वेळ बंद होतं. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. त्याच आठवड्यात तिचं औषध सुरू झालं.

माझ्या फॉर्मवर भारतीनं लिहिलं: आठव्या मिनिटाला निगेटिव्ह, विसाव्याला पॉझिटिव्ह, आमची रोजची सवय आठची. सर्टिफिकेट लांबलं. मागच्या बुधवारांच्या बायकांना पुन्हा बोलवावं लागलं. आता गरोदर बायकांचं रक्त सकाळी सगळ्यांत आधी घेतात आणि अनंताची जीप साडेबाराला निघते. एवढ्याशा अर्ध्या तासासाठी इतकी वर्षं कुणी अनंताला विचारलं नव्हतं.

माझे आता चार थेंब उरलेत. शुक्रवारी मशीनच्या वाफेत जाईन, मग कचऱ्यात. तक्रार नाही. फक्त तुमचं कुणाचं रक्त पट्टीवर असेल, तर हॉर्न वाजला तरी उठू नका. आणि निकाल देणाऱ्याला विचारा, किती मिनिटं झाली? राग आला तर येऊ द्या त्याला.

जाता जाता कबूल करतो. जीपपाशी भारती धावली, हे मी रचलं. स्टँडमधल्या नळीला जीप कुठून दिसणार? जीप तेव्हा कधीच गेली होती. नितीन गेला. वाडीचं आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला स्कूटरवर मागं बसवून वाडीवर गेला, जिजाचे टोमणे खाल्ले आणि रिक्षा करून दोघींना तीनच्या आत घेऊन आला. फॉर्मवर 'आमची रोजची सवय' हे शब्दही त्याच्याच अक्षरात आहेत. मी पहिल्या दिवसापासून त्याच्यावर संशय घेतला होता, तो मागं घ्यायला जीभ रेटेना, म्हणून सगळं भारतीच्या नावावर घातलं.

निघताना भारती त्याला म्हणाली होती, "सर, मी जाते." हेल्मेट घालता घालता तो म्हणाला, "आठ मिनिटं मी चालू केली. मीच आणतो तिला."