पुढच्या हिवाळ्याची थप्पी

मिशिगनच्या त्या उत्तर टोकाला माणसाची पारख त्याच्या लाकडांच्या थप्पीवरून होते. आर्वोच्या अंगणात दोन थप्प्या असत. एक या हिवाळ्याची, दुसरी पुढच्याची. यंदा फोडलेलं लाकूड वर्षभर वाळवायचं आणि तोवर त्याला हात लावायचा नाही. लावणारा एक तर आळशी, नाहीतर गाव सोडून निघालेला.

तेल महागलं तेव्हा त्यानं तळघरातल्या तेलाच्या भट्टीला खेटून लाकडाची भट्टी बसवली आणि तिचं तोंड घरभर गरम हवा नेणाऱ्या जुन्याच पत्र्याच्या पाइपांना जोडलं. पुढे तेलाची भट्टी मेली, तिचा पंखा तेवढा उरला. घर जुनं, फटीफटींतून वारा. तरी बायको, लेंपी, कधी कुरकुरली नाही.

यंदा मात्र तिला कशानंच ऊब येत नव्हती. स्वयंपाकघरात गरम हवेच्या जाळीपाशीच तिची खुर्ची ठेवली होती. ती उन्हाळा बघणार नाही, असं डॉक्टरांनी आर्वोला बाहेर बोलावून सांगितलं होतं. त्यानं तिला सांगितलं, औषधांचा अशक्तपणा आहे, बर्फ वितळला की बरी होशील. तिला ते खरं वाटत राहावं, एवढंच आता त्याच्या हातात होतं.

तो भट्टीत लाकूड कोंबत राहिला आणि भर हिवाळ्यात थप्पी संपली. विकतचं लाकूड ओलं. धूर फार, धग नाही. मग त्यानं पुढच्या थप्पीला हात घातला, तोही मागच्या बाजूनं, खिडकीतून दिसू नये म्हणून.

दुपारी शेजारचा तौनो तळ्यातले मासे घेऊन आला आणि दारातूनच ओरडला, "काय रे आर्वो, पुढच्या वर्षाची थप्पी फोडलीस? तीही मागून, उंदरासारखा! पुढच्या हिवाळ्यात काय फ्लोरिडात जाऊन लोळणार आहेस?"

त्याच्या तोंडात त्यातलाच एक मासा कोंबावा असं आर्वोला वाटलं. तौनोची नजर लेंपीकडे गेली, आणि त्याचं हसू विरलं. कॉफी न घेताच तो निघाला. त्या गावात असं कोणी करत नाही.

"डॉक्टर काय म्हणाले ते आत्ता कळलं मला," लेंपी म्हणाली.

"अगं, तसं काही नाही..."

"गप रे. पुढच्या हिवाळ्यात तुला एकट्याला कितीसं लागणार, असंच ना?"

त्यानं असा हिशोब केला नव्हता. पण थप्पीला हात घालताना पुढचा हिवाळा त्याच्या मनातच आला नव्हता, म्हणजे ती नसणार हे त्यानं आधीच गृहीत धरलं होतं, हे त्याला आत्ता उमगलं, आणि स्वतःची किळस आली.

"जा, विस्तव विझत आलाय," शाल ओढत ती म्हणाली. "थंडी वाजतेय मला."

तो खाली उतरला. मेपलचं वाळलेलं लाकूड लगेच पेटलं. भट्टी तापून पंखा सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, आणि तोवर वरचं सगळं पाइपांतून खाली ऐकू येतं. लेंपी रडत होती.