गळ्यातल्या ठुशीचा हेवा

मित्रांनो, मी एक जुनी ठुशी. सोन्याचे बारीक मणी एकमेकांना खेटून गुंफले, की माझ्यासारखा दागिना होतो. मी लोंबत नाही, गळ्याला चिकटून बसते. मागच्या दोऱ्याचा गोंडा सरकवला, की मी सैल किंवा घट्ट होते.

वाईच्या सोनाराने मला घडवले. पुष्कळ वर्षे मी सांगलीच्या गावभागात गोदावरीबाईंच्या गळ्यात होते. त्यांच्या देवदत्तचे लग्न झाले आणि मी नव्या सुनेच्या, वल्लरीच्या गळ्यात आले. वल्लरी बी. एस्सी. झालेली, नाजूक, डोळस मुलगी. तिचा गळा मला फार आवडला. पण खरे सांगते, माझा स्वभाव हेवेखोर. मंगळसूत्र रोज तिच्या अंगावर आणि मी सणापुरती! डब्यात पडल्या पडल्या मी जळत असे.

मग रोहन झाला. त्याच्या पहिल्या संक्रांतीला घरात बोरन्हाण ठरले. तुम्हाला ठाऊक असेल, बाळाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात, डोक्यावरून बोरे, चुरमुरे ओततात आणि पोरे ती लुटतात. साखरेचे दागिने! त्यांचे ते कौतुक मला बघवेना.

पण त्या सणासाठी मला काढले, तेव्हा वल्लरीच्या गळ्याला मी पुरेना.

गोदावरीबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "सासर मानवलंय हो सुनेला! अंगानं भरली."

शिराळ्याहून बाळाला न्हाऊमाखू घालायला आलेल्या मनुआत्या, म्हणजे रोहनच्या आजोबांच्या बहीण, हसून म्हणाल्या, "लय सुटलीया. डिंकाचे लाडू बाळाच्या आईलाच लागले म्हणायचे!"

कोणी डॉक्टरांचे नावही काढले नाही. मला सोनाराकडे नेऊन लांब दोरा घालून आणला. माझीही छाती फुगली. वाटले, गळा भरला म्हणजे आता मी त्यावर अधिक शोभणार.

पण वल्लरी काही सुखाने भरली नव्हती. भर दुपारी ती शाल पांघरून बसे. आवाज घोगरा झाला होता. केस गळून फणीत पुंजक्यांनी येत. बाळाला पाजता पाजता तिचा डोळा लागे. बाळ रडले, की मनुआत्या आधी धावत. बाळ त्यांच्याकडे बघून खुदकन हसे आणि आईकडे झेपावत नसे. ते बघताना वल्लरी पुढे केलेले हात मागे घेई. आत्यांचा तिला वाटणारा हेवा मला डब्यातूनही कळे. हेवा कसा असतो, ते मला शिकवावे लागत नाही.

बोरन्हाणाच्या संध्याकाळी गोदावरीबाई म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही जाताना बाळाला महिनाभर शिराळ्याला न्या. ही झोपली की ढोल बडवला तरी उठत नाही. पोराचे हाल नकोत."

"न्हेते की! सोन्यावानी ठेवीन," आत्या म्हणाल्या.

वल्लरी तशीच उठली. खोलीत गेली. मला काढण्यासाठी आरशासमोर उभी राहिली. घसा कोरडा पडला होता, म्हणून आधी पाण्याचा पेला तोंडाला लावला. घोट घेतला, तशी मी वर उचलली गेले आणि पुन्हा खाली आले. ती थबकली. मला काढून ठेवले आणि पुन्हा घोट घेतला. गळ्याच्या मधोमध काहीतरी फुगीर होते. घोटाबरोबर तेच वर जात होते, खाली येत होते.

म्हणजे माझ्या जागेवर, कातडीच्या आत, आधीपासून कोणीतरी बसलेले होते!

"आई, हे सुखानं भरणं नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "उद्या मला डॉक्टरांकडे जायचंय. आणि तोवर रोहन कुठंही जाणार नाही."

"सुखाला दुखणं म्हणू नये गं!"

"सुख पाण्याच्या घोटाबरोबर वर-खाली होत नाही, आई."

डॉक्टरीणबाईंनी मागे उभे राहून गळा चाचपला. रक्त तपासणीला पुण्याला पाठवले. निकाल आल्यावर त्यांनी सासू-सुनेला समोर बसवले. त्या म्हणाल्या, "ही थायरॉइड ग्रंथी. फुलपाखरासारखी असते. शरीराची ऊब, चपळाई, सगळं हिच्या रसावर चालतं. शरीराचे पहारेकरी कधी कधी घरच्यालाच, म्हणजे या ग्रंथीलाच, चोर समजून मारतात. बाळंतपणानंतर काही बायकांत असं होतं. ग्रंथी दुबळी झाली, रस कमी पडला, की मेंदू हुकूम सोडतो, 'आणखी काम कर!' तो हुकूम पाळता पाळता ती सुजते. कुठे कुठे मिठात आयोडीन नसल्यानंही गळा असा वाढतो. पण इथे कारण ते नाही. कमी पडलेला रस आपण गोळीतून देऊ."

"बाळ अंगावर पितंय हो," गोदावरीबाई घाबरून म्हणाल्या. "गोळी चालेल?"

"चालेल. रोज सकाळी उपाशीपोटी. मनानं बंद मात्र करायची नाही."

झाले! आता सूर्य उगवला की सगळे घर त्या आतल्या बाईच्या सेवेला. "वल्लरी, गोळी घेतलीस?" ना तिला घडण, ना झळाळी. तरी तिची विचारपूस रोज, आणि मी डब्यात.

मनुआत्या बाळाला न घेता थांबल्या. म्हणाल्या, "लेकरू न्हेण्यापरीस मीच ऱ्हाते की. आईला उठू दे आधी."

हळूहळू वल्लरीची शाल सुटली. आवाज मोकळा झाला. उन्हाळ्यात एके सकाळी रोहन पाळण्यात रडला. आत्या उठतायत तोवर वल्लरी पोचली होती. आत्यांनी हात पसरले, तर पोराने तोंड फिरवून आईच्या मानेत खुपसले.

"इसरला व्हय रं मला, गुलामा!" आत्या हसल्या, पण पदराने डोळे पुसले. त्यांचा हेवा मला ओळखीचा वाटला.

मित्रांनो, घरात कोणाचा दागिना गळ्याला पुरेना झाला, तर सोनाराकडे धावण्याआधी तो गळा डॉक्टरांना दाखवा. मला सैल केले म्हणून दुखणे सैल होत नाही. दमलेल्या आईला आळशी म्हणू नका. आणि त्या आतल्या ग्रंथीला माझ्याहून जास्त जपा. हे म्हणताना मला आजही जड जाते, तरी म्हणते.